मूठ किती पिळली होती?

‘ताई, मिक्स्चर जरा वाढवून द्या ना, गाडी पिकअप घेत नाही.’ ओळखीतलं कोणीतरी असं म्हणत गाडी घेऊन आलं की स्क्रूड्रायव्हर हातात घेण्याआधी मी एकच प्रश्न विचारते: अडखळते तेव्हा थ्रॉटलची मूठ किती पिळलेली असते? यावर उत्तर बहुतेक वेळा वेगाचं येतं. ‘चाळीसच्या पुढे’, ‘साठला पोचली की’, नाहीतर ‘तिसऱ्या गिअरला’. पण कार्बुरेटरला, म्हणजे हवेत पेट्रोल मिसळून इंजिनाला देणाऱ्या भागाला, वेग कळत नाही आणि गिअरही कळत नाही. त्याला कळतात त्या दोनच गोष्टी: आतली स्लाइड, म्हणजे मूठ पिळली की वर सरकणारी हवेची झडप, किती वर उचलली आहे आणि इंजिन किती जोरात हवा ओढतंय. त्यातली पहिली जास्त महत्त्वाची, कारण कोणत्या छिद्रातून पेट्रोल यायचं हे मुख्यतः तीच ठरवते.

हे एवढं आग्रहाने सांगायचं कारण असं की बाहेरून सहज हात पोचतो तो मिक्स्चर स्क्रू बिचारा सगळ्या तक्रारींसाठी फिरवला जातो. चढावर दम लागतो, फिरवा स्क्रू. एव्हरेज कमी, फिरवा स्क्रू. फुल थ्रॉटलला गुदमरते, तरी फिरवा स्क्रू. त्या स्क्रूची सत्ता आयडलिंग आणि त्याच्या थोडं वरपर्यंत चालते. मूठ एक अष्टमांश पिळली की तिचा जोर ओसरू लागतो, आणि अर्ध्यावर गेल्यावर तो स्क्रू कुठे आहे याने जवळजवळ काही फरक पडत नाही.

साध्या स्लाइड कार्बमध्ये कामाची वाटणी साधारण अशी असते. (जेट म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारा बारीक छिद्राचा पितळी तुकडा.) बंद मुठीपासून एक अष्टमांशापर्यंत पायलट जेट आणि मिक्स्चर स्क्रू. एक अष्टमांश ते पाव या पट्ट्यात स्लाइडच्या खालच्या कडेला फिल्टरच्या बाजूने दिलेला तिरपा काप. पावपासून पाऊणपर्यंत सुई, म्हणजे जेट नीडल, आणि ती ज्यात वरखाली होते ते नीडल जेट. पाऊणच्या पुढे मेन जेट. या हद्दी भिंतीसारख्या नसतात. एकाचं काम संपत आलेलं असताना दुसऱ्याचं सुरू झालेलं असतं, आणि पायलट जेटमधून थोडं पेट्रोल बराच वेळ येतच राहतं. तरी तक्रार कोणत्या पट्ट्यात आहे हे कळलं की कोणता भाग उघडायचा आणि कोणत्या भागाला हातही लावायचा नाही, हे ठरतं.

मूठ किती पिळली हे अंदाजाने कोणालाच सांगता येत नाही. सगळ्यांना अर्धी वाटते ती प्रत्यक्षात पाव असते. म्हणून मी मुठीच्या रबरावर पांढऱ्या चिकटपट्टीचा एक बारीक तुकडा लावते आणि शेजारी, न फिरणाऱ्या स्विचच्या डबीवर, दुसरी पट्टी लावून तिच्यावर पेनाने पाच रेघा मारते: बंद, पाव, अर्धी, पाऊण, पूर्ण. रेघा मारण्याआधी केबलचा ढिलेपणा काढून टाकायचा, नाहीतर पहिली रेघच खोटी पडते. मग ज्याची गाडी त्यालाच चालवायला सांगते. मोकळा, सरळ रस्ता हवा. प्रत्येक रेघेवर मूठ काही वेळ स्थिर धरायची आणि गाडी काय करते ते लक्षात ठेवायचं. नजर रस्त्यावर, रेघेकडे क्षणभरच. परत आल्यावर तोच माणूस ‘साठला’ म्हणायचं सोडून ‘पाव आणि अर्ध्याच्या मधे’ असं सांगतो. इथपर्यंत आलं की निम्मं काम झालं असं मी मानते.

मी शाळेत भौतिकशास्त्र शिकवते, त्यामुळे थोडं आकड्यांबद्दल बोलल्याशिवाय मला राहवत नाही. पेट्रोल पूर्ण जळायला वजनाने साधारण १४.७ पट हवा लागते. वजन डोळ्यांसमोर येत नाही, म्हणून आकारमानात सांगते: एक लिटर पेट्रोल जाळायला सुमारे नऊ हजार लिटर हवा. बोटाच्या टोकावर मावणाऱ्या पितळी जेटला या प्रमाणाची राखण करायची असते, तीही इंजिन फेऱ्यामागे फेरे बदलत असताना. इंजिनाला कायम १४.७ हवं असतं असंही नाही. जास्तीत जास्त ताकद १२.५ ते १३ च्या आसपास मिळते, म्हणजे पेट्रोल थोडं जास्त. निवांत, एकसारख्या वेगाने जाताना त्याहून कमी पेट्रोलवर भागतं. थंड इंजिन सुरू करताना मात्र बरंच जास्त लागतं, कारण गार धातूवर पेट्रोलचे थेंब तसेच बसतात आणि वाफ होऊन सिलिंडरपर्यंत पोचणारा भाग थोडाच असतो. चोक त्यासाठी. ‘बरोबर मिक्स्चर’ नावाचा एकच आकडा नाही. प्रत्येक पट्ट्याचं बरोबर वेगळं असतं, आणि म्हणूनच कार्बमध्ये इतके वेगवेगळे रस्ते केलेले आहेत.

पेट्रोल जास्त म्हणजे रिच, हवा जास्त म्हणजे लीन. रिच गाडी ओळखायला सोपी. थंड असताना लगेच सुरू होते, तापली की बिघडते. पेट्रोलचा वास येतो, सायलेन्सरच्या तोंडाशी काळी मऊ काजळी धरते, आवाज जड आणि बसका येतो. लीन गाडी फसवी असते. सकाळी चोकशिवाय चालत नाही आणि चोक बराच वेळ बंद करू देत नाही. एका वेगात धरली की हलके हेलकावे खाते. मूठ सोडली की सायलेन्सरमध्ये फटाके फुटतात आणि आयडलिंग खाली यायला वेळ लावते. इंजिन नेहमीपेक्षा जास्त तापतं. काही लीन गाड्या हलक्या, चपळ वाटतात आणि मालक खूश असतो, म्हणून मला लीनची जास्त काळजी वाटते. रिच गाडी प्लग काळा करते आणि खिसा हलका करते. फार लीन गाडी पिस्टन नेते. टू-स्ट्रोकमध्ये तर पेट्रोलबरोबरच ऑइल जातं, त्यामुळे पेट्रोल कमी म्हणजे वंगणही कमी. वडिलांची जुनी टू-स्ट्रोक माझ्याकडे आहे आणि तिच्या बाबतीत शंका आली की मी नेहमी रिचच्या बाजूने निर्णय घेते.

जेटला हात लावण्याआधी बाकीचं घर तपासायचं. एअर फिल्टर स्वच्छ आहे का, प्लगची गॅप बरोबर आहे का, व्हॉल्व्ह क्लिअरन्स कधी बघितला होता. टाकीतून पेट्रोल नळीत धारेने येतंय ना. टाकीच्या झाकणातलं हवेचं बारीक छिद्र बुजलं की टाकीत पोकळी तयार होते, आणि गाडी दहा-पंधरा मिनिटं छान पळून मग उपाशी असल्यासारखी वागते. झाकण उघडलं, बंद केलं, की पुन्हा ठीक. हे दुखणं कितीतरी वेळा कार्बच्या माथी मारलं जातं. तापल्यावर दगा देणारी इग्निशन कॉइलही तशीच.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, कार्ब आणि इंजिन यांच्यामधला रबरी मॅनिफोल्ड. त्याला वाकवून बघा, बारीक भेगा दिसतात. त्या भेगेतून आत जाणारी हवा कार्बच्या हिशेबात नसते, त्यामुळे आयडलिंगला गाडी लीन होते आणि कोणत्याही स्क्रूने ती जागेवर येत नाही. शोधायला मी आयडलिंगवर चालू गाडीच्या त्या जोडावर साध्या पाण्याचा फवारा मारते. पाण्याने भेग क्षणभर बुजली की आवाज बदलतो. यासाठी कार्ब क्लीनरचा स्प्रे वापरणारे खूप आहेत. तो पेट घेतो, आणि शेजारीच तापलेलं इंजिन असतं. मला ते पटत नाही.

कार्ब उघडायची वेळ आलीच तर दोन गोष्टी. जपानी बनावटीच्या कार्बचे स्क्रू दिसायला चौफुलीचे असले तरी ते जेआयएस, म्हणजे जपानी मानकाच्या, खाचेचे असतात. नेहमीचा फिलिप्स त्यात पूर्ण बसत नाही, निसटतो आणि डोकं खाऊन टाकतो. दुसरं, जेटमध्ये पोलादी तार घालायची नाही. पायलट जेटचं छिद्र अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान असतं. तारेने आतून चरा पडला की जेटवरचा नंबर तोच राहतो, पण तो जेट त्या नंबरचा उरत नाही. क्लीनरमध्ये भिजत ठेवावं, ब्रशचा नायलॉनचा केस चालवावा, हवा मारावी, आणि उजेडासमोर धरून छिद्र गोल दिसतं का ते बघावं. पोटातून बुजलेला पायलट जेट हे लीन आयडलिंगचं सगळ्यात साधं कारण आहे. महिनोन्महिने उभ्या राहिलेल्या गाडीत तर पेट्रोल उडून जातं आणि चिकट थर मागे राहतो.

फ्लोटची, म्हणजे कार्बच्या वाटीतलं पेट्रोल ठरावीक उंचीवर ठेवणाऱ्या तरंगत्या भागाची, पातळी लोक बघतच नाहीत, आणि ती सगळ्या पट्ट्यांवर एकदम परिणाम करते. वाटीत पेट्रोल जितकं वर, तितकं ते जेटमधून सहज उचललं जातं. एक मिलिमीटरचा फरकही जाणवतो. काही कार्बना वाटीच्या तळाशी ड्रेनची नळी असते. तिला पारदर्शक नळी जोडायची, वर वळवून वाटीच्या शेजारी उभी धरायची आणि ड्रेनचा स्क्रू सैल करायचा. आतली पातळी बाहेर दिसते. ती कुठे असावी हे त्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं. पातळी चुकलेली असताना जेट बदलत बसणं म्हणजे वाकड्या पट्टीने मोजमाप घेत राहणं.

आता आयडलिंग. या कामात माझा सगळ्यात जास्त जीव आहे, कारण इथे कान लागतो.

आधी स्क्रू कुठल्या जातीचा आहे ते बघायचं. तो स्लाइडच्या मागे, फिल्टरच्या बाजूला असेल तर बहुधा एअर स्क्रू: तो हवा मोजतो, म्हणून आत कसला की रिच, बाहेर काढला की लीन. तो इंजिनाच्या बाजूला असेल तर फ्युएल स्क्रू: तो पेट्रोल आणि हवेचं तयार फेसाळ मिश्रण मोजतो, म्हणून बाहेर काढला की रिच, आत कसला की लीन. दोघांची दिशा उलटी. एकाच्या गाडीवर ऐकलेला सल्ला दुसऱ्याच्या गाडीवर चालवला की नेमकं उलटं होतं. फ्युएल स्क्रूवर स्प्रिंग, मग वॉशर, मग टोकाकडे छोटी ओ-रिंग असते. साफ करताना ती ओ-रिंग आत चिकटून राहते आणि हरवते, आणि मग तिथूनही चोरटी हवा जाते.

इंजिन बंद असताना स्क्रू हलक्या हाताने आत बसेपर्यंत फिरवायचा आणि किती आटे आत गेला ते मोजून लिहून ठेवायचं. पुढे काहीही बिनसलं तरी या आकड्यावर परत येता येतं. बसला की थांबायचं, आवळायचा नाही. टोक निमुळतं पितळी असतं, जोर दिला की त्यावर गोल खाच पडते आणि खालची बैठकही बिघडते. मग मॅन्युअलमध्ये दिलेल्या आट्यांइतका बाहेर काढायचा. माहीत नसेल तर दीड ते दोन आटे ही बऱ्याच कार्बसाठी सुरुवातीची बरी जागा.

गाडी दहा-पंधरा मिनिटं चालवून तापवायची. उभी ठेवून तापवू नये. वाऱ्याशिवाय इंजिन भलतंच तापतं आणि त्या अवस्थेत केलेली सेटिंग रस्त्यावर टिकत नाही. मग आयडल स्क्रूने, म्हणजे स्लाइडला टेकू देणाऱ्या मोठ्या स्क्रूने, फेरे नेहमीपेक्षा किंचित वर ठेवायचे. आता मिक्स्चर स्क्रू एका दिशेने पाव आटा फिरवायचा आणि थांबायचं. थांबणं हाच यातला महत्त्वाचा भाग. इंजिनाला नवं मिश्रण पचायला काही सेकंद लागतात. घाईने फिरवत गेलं की आपण मागच्या सेटिंगचा आवाज ऐकून पुढचा निर्णय घेत असतो. पाव आटा, थांबा, ऐका. फेरे चढत जातात, एका जागी सगळ्यात वर जातात, आणि पुढे फिरवलं की पुन्हा उतरतात किंवा ठोका चुकायला लागतो. त्या सगळ्यात वरच्या जागेवर यायचं. आयडल जास्त झालेलं असेल तर मोठ्या स्क्रूने खाली आणायचं आणि पुन्हा मिक्स्चरची तीच फेरी करायची, कारण स्लाइड जरा खाली आली की गरजही जरा बदलते. दोन-तीन फेऱ्यांत दोन्ही स्क्रू एकमेकांशी जुळतात. शेवटी मी अर्धपाव आटा रिचच्या बाजूला सरकवते.

खात्री करायला मूठ झटकन थोडी पिळून सोडायची. फेरे चढून सरळ आयडलिंगवर येऊन थांबले तर ठीक. वर लोंबकळत राहिले आणि हळूहळू उतरले तर लीन, नाहीतर कुठेतरी हवा चोरते आहे, नाहीतर केबल अडकते आहे. आयडलिंगच्या खाली बुडी मारून मग वर आले तर रिच.

सगळ्यात चांगली जागा कुठे सापडली हेही बोलकं असतं. फ्युएल स्क्रू एका आट्याच्या आतच चांगला लागला तर पायलट जेट मोठा आहे. तीन आटे सोडून पुढे जावं लागलं तर जेट लहान आहे किंवा बुजलेला आहे. एअर स्क्रूला हाच हिशेब उलटा लावायचा. स्क्रू फिरवून काहीच फरक पडत नसेल तर सहसा आयडल स्क्रूने स्लाइड इतकी उचललेली असते की पेट्रोल पुढच्याच छिद्रातून यायला लागलेलं असतं.

मधल्या पट्ट्याबद्दल एक उदाहरण सांगते. एका मैत्रिणीची रोजच्या वापरातली गाडी पाव रेघ ओलांडली की अडखळायची, पाऊणच्या पुढे पुन्हा मोकळी धावायची. कोणीतरी तिचा मिक्स्चर स्क्रू भरपूर बाहेर काढून दिला होता. त्यामुळे आयडलिंग रिच झालं होतं, सिग्नलला गाडी गुदमरत होती आणि मूळ तक्रार जशीच्या तशी होती. पट्टी लावून चालवली तेव्हा अडखळण पाव आणि अर्ध्याच्या मधेच सापडली. मग तेवढीच मूठ धरून चोक थोडा ओढून बघितला. या प्रयोगावर माझा भरवसा आहे: चोकने सुधारली तर लीन, बिघडली तर रिच. ती सुधारली. आधीच्या मालकाने मोकळ्या आवाजाचा सायलेन्सर बसवला होता, इंजिन जास्त हवा ओढत होतं, आणि सुई मात्र कंपनीने ठेवलेल्या जागेवरच होती.

सुईच्या डोक्याला खाचा असतात आणि त्यातल्या एकीत क्लिप असते. क्लिप खालच्या खाचेत लावली की सुई वर उचलली जाते, सुईचं निमुळतं अंग नीडल जेटमधून लवकर बाहेर येतं, आणि मधल्या पट्ट्यात पेट्रोल वाढतं. क्लिप वर म्हणजे सुई खाली, म्हणजे लीन. तिची क्लिप एक खाच खाली घेतली. मिक्स्चर स्क्रू आत आणून आयडलिंग पुन्हा नीट लावलं. दोन्ही बदल एकाच बैठकीत केले खरे, पण मधे गाडी चालवून बघितली. एका वेळी एकच बदल, ही माझी सवय मी कोणासाठीही मोडत नाही. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि गाडी सुधारली, तर कशाने सुधारली हे कायमचं हरवतं.

काही कार्बमधल्या सुईला खाचा नसतात, एकच जागा असते. तिथे सुईच्या डोक्याखाली अर्ध्या मिलिमीटरचा बारीक वॉशर घालून तिला वर घेता येतं. आणि सीव्ही कार्ब असेल तर पट्टीवरच्या रेघा जरा सैल हाताने वाचायच्या. त्यात मूठ फक्त फुलपाखरासारखी झडप उघडते. स्लाइड वर उचलणारा असतो रबरी पडदा, वर-खालच्या दाबातल्या फरकाने. मूठ पूर्ण पिळली तरी इंजिन तेवढी हवा ओढत नाही तोवर स्लाइड अर्ध्यावरच असू शकते. त्या पडद्याला टाचणीएवढं भोक पडलं तर गाडी मधल्या फेऱ्यांच्या वर चढतच नाही. जेट बदलण्याआधी पडदा उजेडाला धरून बघा, आणि त्यावर कार्ब क्लीनर कधीही मारू नका, रबर फुगतं. सीव्ही कार्बला एअर बॉक्स, म्हणजे फिल्टरचा डबा, काढून उघडे शंकूच्या आकाराचे फिल्टर लावायची हौसही मला मान्य नाही. पडद्याला लागणारा संथ, स्थिर दाब त्या डब्यामुळेच मिळतो.

मेन जेटबद्दल थोडक्यात. जेटचा नंबर छिद्राच्या व्यासावरून दिलेला असेल तर १०० म्हणजे १ मिलिमीटर, १०५ म्हणजे १.०५. फरक किरकोळ वाटतो, पण क्षेत्रफळ दहा टक्क्यांनी वाढतं. काही जेटचे नंबर व्यासावरून नसून त्यातून वाहणाऱ्या पेट्रोलवरून असतात, म्हणून एका कंपनीचा ११० आणि दुसरीचा ११० सारखे धरू नयेत. ड्रिलने छिद्र मोठं करून जेट ‘बनवणं’ तर मुळीच नको. कडेचा उतार बदलला तरी प्रवाह बदलतो.

तपासणीसाठी फुल थ्रॉटलला पळवावं लागतं, आणि त्यासाठी वाहतूक नसलेली, परवानगी असलेली जागा हवीच. तिथे पूर्ण पिळलेली मूठ चटकन जराशी मागे घ्यायची. गाडीने क्षणभर जोर धरला तर मेन जेट लहान आहे, पेट्रोल कमी पडत होतं. अडखळली तर जेट मोठा. नुसती किंचित हळू झाली तर जेट जवळपास बरोबर. प्लग वाचायचा असेल तर नवा प्लग घालून फुल थ्रॉटलवर काही अंतर धावायचं, तिथेच क्लच दाबून इंजिन बंद करायचं आणि गाडी घरंगळत थांबवायची. आयडलिंग करत घरी आणलेला प्लग मेन जेटबद्दल काहीही सांगत नाही. चिनी मातीच्या टोकाचा चॉकलेटी रंग शोधण्याची जुनी शिकवण शिसं असलेल्या पेट्रोलच्या काळातली आहे. आताच्या पेट्रोलवर टोक बराच काळ पांढरट राहतं. बघायचं ते चिनी मातीच्या मुळाशी, अगदी आत, जिथे एक धुरकट कडं उमटतं. भिंग आणि बॅटरी लागते.

बदलत्या हवेचं गणित मला विशेष आवडतं. समुद्रसपाटीपासून १००० मीटर वर गेलं की हवेची घनता सुमारे नऊ टक्के कमी होते, ३००० मीटरवर सुमारे २६ टक्के. मिश्रण मात्र तितक्या प्रमाणात बिघडत नाही, कारण हवा विरळ झाली की पेट्रोल ओढणारा दाबाचा फरकही कमी होतो. घनतेच्या वर्गमुळाचा हिशेब लागतो: १००० मीटरवर मिश्रण पाचेक टक्के रिच, ३००० मीटरवर सोळाच्या आसपास. एक-दोन दिवसांच्या डोंगरातल्या फेरीसाठी मी काहीच बदलत नाही, थोडी ताकद आणि थोडं पेट्रोल गेलं तरी चालतं. तिथे मुक्कामच असेल तर मेन जेट एक-दोन नंबर लहान करावा, आणि खाली उतरण्याआधी आठवणीने जुना घालावा. वर बसवलेला लहान जेट खालच्या दाट हवेत लीन ठरतो.

तापमानाचंही तसंच. ० अंशाची हवा ४० अंशाच्या हवेपेक्षा सुमारे १५ टक्के दाट असते. भर दुपारी अगदी काठावर लीन लावलेली गाडी कडाक्याच्या थंडीत पहाटे आणखी सात टक्के लीन होते. त्यात इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. शुद्ध इथेनॉलला हवा फक्त नऊ पट लागते, म्हणून वीस टक्के मिश्रणाचं १४.७ उतरून १३.५ च्या जवळ येतं. तेच जेट, तीच सुई, आणि गाडी काही न करता आठेक टक्के लीन. जुन्या गाडीवर मी आयडलिंग रिचच्या बाजूला अर्धपाव आटा सरकवते त्यामागे हेही एक कारण आहे. म्हणूनच माझ्या वहीत प्रत्येक सेटिंगच्या शेजारी जेटचे नंबर, क्लिपची खाच आणि आटे यांबरोबर त्या दिवशीचं तापमान असतं.

एक जागा अशी आहे जिथे ट्यूनिंग संपतं. खूप चाललेल्या गाडीत सुई नीडल जेटमध्ये वर्षानुवर्षं थरथरत राहते आणि जेटचं गोल छिद्र अंडाकृती होतं. फटीतून जास्त पेट्रोल यायला लागतं, आणि ते जाणवतं ते आयडलिंगच्या थोडं वर, एक अष्टमांश ते अर्ध्याच्या दरम्यान, म्हणजे रोजच्या चालवण्यातल्या नेमक्या पट्ट्यात. एव्हरेज घसरतं, प्लग काळा पडतो. सुई खाली घेतली तर पुढचा पट्टा उपाशी राहतो. अशा वेळी सुई नखावर फिरवून बघायची. तिच्या अंगावर एका बाजूला घासल्याची चकाकी दिसली की सुई आणि नीडल जेट दोन्ही एकत्र बदलायचे, एकेकटे नाही. आणि बदलल्यावर मिक्स्चर स्क्रू वहीतल्या जुन्या आकड्यावर ठेवून चालत नाही. त्या आकड्यात झिजेची भरपाई मिसळलेली असते. स्क्रू पुन्हा दीड आट्यावर आणायचा, गाडी तापवायची आणि पाव-पाव आट्याने ऐकत जायचं.